रांगेचा नियम सांगा

२०२५ मध्ये गोवा सरकारने स्तनाच्या कर्करोगावरचं एक नवं इंजेक्शन मोफत द्यायला सुरुवात केली. एचईआर-टू पॉझिटिव्ह नावाचा जो प्रकार असतो, त्याच्यासाठीचं हे औषध. पर्टुझुमॅब आणि ट्रॅस्टुझुमॅब अशी दोन औषधं त्यात एकत्र असतात, दर तीन आठवड्यांनी ते टोचावं लागतं आणि अनेक रुग्णांत हा क्रम वर्षभर चालतो. बाजारात एकेका मात्रेची किंमत लाखांत जाते. शिक्षकाच्या किंवा टॅक्सीवाल्याच्या घरात हा आजार शिरला तर आधी दागिने जातात, मग भाटाचा, म्हणजे बागायतीचा, तुकडा जातो, आणि तरीही उपचार पुरा होईलच याची खात्री नसते. अशा घरांसाठी ही योजना काय आहे ते वेगळं सांगायला नको. मी तिच्या बाजूचा आहे.

पण त्याच खात्याच्या त्याच अंदाजपत्रकातून काणकोणच्या आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञाचा पगार निघतो, सत्तरीत दारोदार फिरणाऱ्या आरोग्यसेविकेच्या गाडीचं तेल निघतं आणि मधुमेहाच्या साध्या गोळ्यांचा साठाही निघतो. एकीकडे ठेवलेला रुपया दुसरीकडे ठेवता येत नाही. सरकारला हे कळत नाही असं कोण म्हणेल? सरकार ते बोलत नाही, एवढंच. आणि आपण मतदारही ते ऐकून घ्यायला तयार नसतो. गोवा छोटा आहे, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. दरडोई उत्पन्नात राज्य देशात अगदी वरच्या रांगेत. त्यामुळे आपली समजूत अशी झाली आहे की इथं कोणालाच नाही म्हणण्याची वेळ येणार नाही, आणि आलीच तर ती कोणाच्या तरी नालायकीमुळे आली असणार.

माझं म्हणणं असं की, सार्वजनिक पैशातून कोणाला काय आधी मिळणार याचा क्रम गोव्यात आजही ठरतोच. तो ओळखीने ठरतो, अंतराने ठरतो, फोनवर ठरतो. तो उघडपणे आणि लेखी ठरायला हवा. त्यात तालुक्यातलं आरोग्य केंद्र सगळ्यांत वर हवं, आणि त्यासाठी वरच्या टोकाच्या काही महागड्या उपचारांना नकार द्यावा लागला तर तो तोंडावर, कारणासहित देण्याची हिंमत हवी.

जून २०२५ मधला गोमेकॉतला, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला, प्रसंग आठवून पाहा. सुट्टीच्या दिवशी एका वृद्ध रुग्णाला जीवनसत्त्वाचं इंजेक्शन कॅज्युअल्टीत नाकारलं गेलं, तक्रार आरोग्यमंत्र्यांपर्यंत पोचली, आणि त्यांनी कॅमेऱ्यांसमोर त्या डॉक्टरला झापून निलंबनाचा आदेश दिला. डॉक्टर आंदोलनाला उतरले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होऊ दिलं नाही, मंत्र्यांनी पुढे माफी मागितली. सगळा गोवा आठवडाभर त्यावर बोलत होता; पण बोलणं होतं ते उद्धटपणाबद्दल. डॉक्टर उद्धट की मंत्री, यावर माणसं वाटली गेली. मूळ प्रश्न मात्र कोणी धरला नाही. कॅज्युअल्टी ही अपघातात सापडलेल्यांसाठी, हृदयविकाराचा झटका आलेल्यांसाठी आहे. तिथं ठरलेलं, रोजचं इंजेक्शन द्यावं की देऊ नये? देऊ नये असं असेल, तर हा नियम डॉक्टरच्या पाठीशी भिंतीवर लिहिलेला का नव्हता? आणि वृद्ध माणसाला सुट्टीच्या दिवशी आपल्या भागातच ते टोचून मिळावं अशी सोय का नव्हती? नकार देणारा डॉक्टर त्या दिवशी एकटा उभा होता. खरं तर तो नकार व्यवस्थेचा होता आणि व्यवस्थेनेच त्याच्या मागे उभं राहायला हवं होतं. रुग्णाच्या घरच्यांनाही मी दोष देत नाही. ज्यांना नियमच माहीत नाही, त्यांच्या हाती फोन करण्यापलीकडे काय उरतं?

आणि गोव्यात फोन लागतो. विधानसभेचे मतदारसंघ ४०, एकेका मतदारसंघात मतदार साधारण तीस हजारांच्या आत. आमदार आपल्या लग्नाला येतो, चतुर्थीला येतो, मयताला येतो. खाट मिळत नाही, शस्त्रक्रियेची तारीख लांबली, एमआरआयचा नंबर लागत नाही, की माणूस आधी आमदाराच्या माणसाला गाठतो. ही जवळीक आपल्याला गोव्याचं वैभव वाटते आणि बऱ्याच बाबतींत ती आहेही. पण दवाखान्याच्या रांगेत एक नाव वर सरकलं की बाकीची सगळी एकेक पायरी खाली जातात, आणि खाली गेलेल्यांना ते कधी समजतही नाही. ज्याच्या ओळखीत पंचसुद्धा नाही, अशा सांगे-केप्यातल्या एखाद्या आदिवासी वेळिप-गावकराला, चिंबलच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला आपली तारीख का लांबली हे कोणी सांगत नाही. नकार त्यांनाही मिळतोच. त्याच्यावर फक्त कोणाची सही नसते.

आता काणकोणकडे वळू. या तालुक्यात मूत्रपिंडाच्या आजाराचं प्रमाण अनेक वर्षं चिंतेचा विषय आहे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा माणसांचीही मूत्रपिंडं निकामी झालेली आढळली, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात विहिरींच्या पाण्यातल्या सिलिकाकडे बोट दाखवलं गेलं. तिथल्या घरांत डायलिसिस म्हणजे काय हे पोरांनाही ठाऊक आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चारेक तास, आणि हे मरेपर्यंत किंवा नवं मूत्रपिंड मिळेपर्यंत. काणकोण ते बांबोळी म्हणजे सत्तर किलोमीटरच्या आसपास. तालुक्यांच्या ठिकाणी मोफत डायलिसिसची सोय झाली तेव्हा या माणसांचे प्रवासात जाणारे दिवस वाचले, रोजंदारी वाचली, सोबत येणाऱ्या बायकोची किंवा मुलाची रोजंदारी वाचली. सरकारच्या चांगल्या कामांत मी हे फार वर धरतो.

तरीही डायलिसिसची खुर्ची म्हणजे उशीर झाल्याची खूण आहे. त्या खुर्चीपर्यंत माणूस दहा-पंधरा वर्षं चालत येतो, आणि वाटेत त्याला थांबवण्याच्या जागा पुष्कळ असतात. एक साधी लघवीची तपासणी, एक रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी, रक्तदाबाची स्वस्त गोळी न चुकता मिळणं, अंगदुखीवर दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद करायला सांगणारं कोणी, आणि पिण्याचं पाणी. यातलं पाणी तर आरोग्य खात्याच्या हातातसुद्धा नाही, ते दुसऱ्याच खात्याकडच्या नळात आहे. डायलिसिस यंत्राचं उद्घाटन करता येतं. न बिघडलेल्या मूत्रपिंडाचं उद्घाटन कसं करणार? लोकप्रतिनिधीला मतं मिळतात ती दिसणाऱ्या कामाची. म्हणून प्रतिबंधावरचा पैसा नेहमी उरलेल्यातून येतो. मी याबद्दल नेत्यांवर जितका रागावतो तितकाच आपल्यावरही रागावतो, कारण गावसभेत आपणही यंत्रच मागतो.

काणकोणचा प्रश्न एका तालुक्याचा म्हणावा, तर मधुमेह अख्ख्या राज्याचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेला इंडियाब अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, आणि गोव्यात २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. म्हणजे चार प्रौढांत एकाहून अधिक. हा आकडा आला तेव्हा दोन दिवस बातम्या झाल्या, मग आपण पुढे गेलो. पण हा आकडा म्हणजे पुढच्या वीस वर्षांचं आरोग्याचं अंदाजपत्रक आहे. डोळ्यांचे पडदे, पायाच्या जखमा, हृदयाच्या वाहिन्या, मूत्रपिंडं, या सगळ्याचं बिल यातूनच येणार. माझ्या नात्यातल्या एका काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सुरुवात तळव्याच्या फोडाने झाली होती. कोणी त्यांचे पाय वर्षातून एकदा तपासले असते, चप्पल कोणती घालायची ते सांगितलं असतं, तर पाय वाचण्याची शक्यता बरीच होती. पाय तपासायला लागतात दहा मिनिटं आणि एक शिकलेली नर्स. पाय कापण्याचा, कृत्रिम पायाचा, सुटलेल्या नोकरीचा खर्च मी मांडत बसत नाही.

इथं कोणी म्हणेल, मग महागडी औषधं नकोतच का? तसं नाही, आणि गोव्यानेच त्याचं उत्तर दिलं आहे. स्टेमी प्रकल्पात छातीत कळ आलेल्या माणसाचा ईसीजी गावाजवळच्या केंद्रातच काढतात, तो तज्ज्ञाकडे पाठवतात, आणि झटका मोठा असेल तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच मोफत देतात. हे इंजेक्शन हजारांच्या घरातलं आहे, स्वस्त मुळीच नाही. पण हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असताना बांबोळीपर्यंतचा वेळ वाचतो, आणि माणूस पुन्हा कामावर जाण्याच्या स्थितीत घरी येतो. त्यापुढे तो खर्च कमीच म्हणायचा. एका उपचाराने किती आयुष्य मिळतं, कोणत्या दर्जाचं मिळतं, आणि तोच पैसा दुसरीकडे लावला असता तर किती मिळालं असतं, हे विचारायचं. औषध महाग की स्वस्त हा प्रश्न त्यानंतरचा. कर्करोगाच्या ज्या इंजेक्शनाने मी सुरुवात केली, ते या कसोटीला, निदान आजार लवकर सापडलेल्या बायकांच्या बाबतीत, उतरेल असं मला वाटतं. पण ती कसोटी लावली गेली का, लावली असेल तर तिचा कागद कुठे आहे, हे विचारण्याचा हक्क मी सोडणार नाही. कारण उद्या दुसरं औषध येईल, ते आयुष्यात सहा आठवडे घालेल आणि वर्षाला पन्नास लाख मागेल. तेव्हा 'त्या रुग्णांना दिलंत, यांना का नाही' या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल.

हे प्रश्न जगात इतरांनी सोडवायचा प्रयत्न केला आहे, आणि ठेचाही खाल्ल्या आहेत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने १९८७ मध्ये गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतून अवयव आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा खर्च काढून टाकला आणि तो पैसा गरोदर बायकांच्या तपासण्यांकडे वळवला. कागदावर हिशेब बरोबर होता. मोजक्या प्रत्यारोपणांच्या पैशांत शेकडो गरोदर बायकांची तपासणी होत होती. पण त्याच वर्षी रक्ताचा कर्करोग झालेला सात वर्षांचा एक मुलगा प्रत्यारोपणाविना वारला. त्याची आई लोकांकडून पैसे जमवत होती, ते पुरे झाले नाहीत. राज्य हादरलं. तिथल्या सिनेटचे अध्यक्ष जॉन किट्झहाबर हे स्वतः कॅज्युअल्टीत काम करणारे डॉक्टर होते. त्यांनी भूमिका घेतली ती अशी की नकार द्यायचाच असेल तर तो लोकांसमोर बसून ठरवू. १९८९ मध्ये कायदा झाला, गावोगाव सभा झाल्या, आणि सगळ्या उपचारांची एक क्रमवार यादी करायचं ठरलं. १९९० मधला पहिला मसुदा हास्यास्पद निघाला. केवळ खर्च आणि फायद्याच्या गणिताने दातावर टोपी बसवणं आणि जीव वाचवणारी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया जवळपास एकाच पायरीवर आली. त्यांनी तो मसुदा फेकून दिला, गणिताला माणसांच्या विवेकाची जोड दिली, आणि १९९४ मध्ये सुधारलेली यादी अमलात आली.

या गोष्टीतून मी काय घ्यावं यावर बराच विचार केला आहे. त्या मुलाचा चेहरा लोकांना दिसला. ज्या बायकांची बाळं तपासणीमुळे वाचली, त्यांचे चेहरे कोणाला दिसले नाहीत. वाचलेल्या बाळाच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं. दिसणाऱ्या एकासाठी न दिसणारे दहा गमावणं हे माणसाच्या मनाला सोपं जातं, आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही, ती माणुसकीच आहे. पण राज्यकर्त्याला न दिसणाऱ्यांचाही प्रतिनिधी व्हावं लागतं. त्याच वेळी गणित करणाऱ्यांनीही त्या आईसमोर जाऊन बोलता येईल असंच गणित करावं.

थायलंडची वाट मला गोव्याला अधिक जवळची वाटते. २००२ मध्ये त्या देशाने सर्वांसाठी आरोग्य योजना आणली, दर भेटीला ३० बाट द्यायचे, एवढंच. श्रीमंत देश नव्हता तो. सुरुवातीला डायलिसिस योजनेबाहेर ठेवलं होतं, आणि सरकारने ते लपवलं नाही. आधी पायाभूत सेवा, जिल्ह्यांची रुग्णालयं, गावांतली केंद्रं भक्कम केली. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आवाज उठवला, अभ्यास झाले, आणि २००८ मध्ये डायलिसिस योजनेत आलं. ते आलं तेही एका अटीवर. घरीच पोटातून करता येणारं पेरिटोनियल डायलिसिस आधी, कारण त्यासाठी यंत्रांची केंद्रं आणि शहरापर्यंतचा प्रवास लागत नाही. अट कडक होती, तिच्यावर टीका झाली, पुढे ती बदललीही. पण प्रत्येक पायरीवर काय द्यायचं, काय नाही आणि का, हे देशाला माहीत होतं. त्यासाठी त्यांनी २००७ मध्ये एक स्वतंत्र संस्था उभी केली होती, जी औषधांचा आणि उपचारांचा हिशेब मांडून जाहीर करते. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाखाली अशा मूल्यमापनाची यंत्रणा २०१७ पासून आहे. गोव्याने तिच्याकडे प्रश्न पाठवायला कोण अडवतं?

विम्याबद्दल थोडं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये आली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख असं संरक्षण, उत्पन्नाची अट नाही, पाच वर्षांचा रहिवास हवा. अनेक घरांना या कार्डाने तारलं आहे. पण हे कार्ड माणूस रुग्णालयात दाखल झाला की कामाला येतं. महिन्याच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची तपासणी, चष्मा, दात, यांचा खर्च बहुतेक घरं स्वतःच करतात, आणि खिसा तिथंच गळतो. देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. पूर्वीपेक्षा हे खूप कमी झालं आहे, २०१३-१४ मध्ये तोच आकडा ६४.२ टक्के होता. तरी दहातले चार रुपये आजारी माणसाने काढायचे हे भयंकरच. शिवाय विमा दाखल होण्याला पैसे देतो, दाखल होऊ न देण्याला देत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात दोनतृतीयांश किंवा त्याहून अधिक पैसा प्राथमिक सेवेवर जावा असं लिहिलेलं आहे. गोव्याच्या अंदाजपत्रकात हा वाटा किती, हे दरवर्षी एका ओळीत छापावं. एवढी एक ओळ छापली तरी चर्चेचा रोख बदलेल.

श्रीमंतांनाही मोफत का, असा एक प्रश्न नेहमी येतो. उपचाराच्या खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागण्याच्या मी विरोधात आहे. दाखला आला की मामलेदार कचेरीची फेरी आली, एजंट आला, आणि खरा गरीब त्या कागदाशीच अडकला. त्यापेक्षा ज्याच्याकडे खासगी विमा आहे त्याच्या उपचाराचं बिल सरकारी रुग्णालयाने विमा कंपनीकडून वसूल करावं. रुग्णाला एक पैसा लागणार नाही. आज त्या कंपन्या हप्ता घेतात, आणि त्यांचा ग्राहक गोमेकॉत मोफत बरा होऊन घरी जातो.

सीमेपलीकडच्या रुग्णांचा विषय टाळून हा लेख पुरा होणार नाही. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत बिगर-गोमंतकीयांना शुल्क लागू झालं आणि सिंधुदुर्गात संताप उसळला. दोडामार्गात आंदोलन झालं. पेडण्याच्या माणसाला बांदा-सावंतवाडी परकी नाही. मुली तिथं दिल्या आहेत, सुना तिथून आल्या आहेत. बांद्याच्या माणसाला अपघात झाला तर तो ओरोसला जाईल की बांबोळीला, हे रस्ता ठरवतो, रेशनकार्ड नव्हे. दुसऱ्या बाजूने, गोव्याचा करदाता शेजारच्या दोन राज्यांच्या जिल्ह्यांचा भार कायमचा का उचलणार, हा प्रश्न विचारणारा माणूस दुष्ट नाही. माझं उत्तर असं. तातडीच्या उपचारात पत्ता विचारूच नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या शेतमजुरांच्या खटल्यात सांगितलं आहे की, तातडीच्या रुग्णाला पैशाचं किंवा खाटेचं कारण देऊन परत पाठवणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियांचा खर्च मात्र त्या राज्याच्या योजनेतून गोव्याला मिळावा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमार्फत अशी वाट काढता येते. भांडण दोन सरकारांमधलं आहे, ते स्ट्रेचरवरच्या माणसाच्या खिशातून मिटवू नये. आणि आपल्याकडचे कर्करोगाचे रुग्ण मुंबईला टाटामध्ये जातात, हृदयाचे बेळगावला जातात, तेव्हा तिथं त्यांना कोणी 'तुम्ही बाहेरचे' म्हणावं असं आपल्याला वाटतं का? इथल्या इमारती, हॉटेलं, ट्रॉलर ज्यांच्या हातांवर चालतात त्या मजुरांचं तर मी बाहेरचे म्हणूनच मोजमाप करणार नाही.

जिल्हा रुग्णालयं खासगी भागीदारीत चालवायचे प्रस्ताव म्हापशाबाबत आले, मडगावबाबतही आले, आणि लोकांनी विरोध केला. मी विरोधकांबरोबर आहे, एका कारणासाठी: करार झाला की नकाराचा नियम करारात गाडला जातो आणि तो विचारायचीही सोय राहत नाही.

आता 'जीवाची किंमत करता का' या आक्षेपाबद्दल. तो मनापासून येतो, म्हणून त्याला मनापासूनच उत्तर दिलं पाहिजे. जीवाची किंमत आजही केली जाते, न सांगता. मे २०२१ मध्ये गोमेकॉत चार दिवसांत सत्तरहून अधिक कोविड रुग्ण पहाटे दोन ते सहा या वेळात दगावले. प्राणवायूची सिलिंडरं ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून ओढत आणली जात होती आणि सिलिंडर बदलताना दाब पडत होता. उच्च न्यायालयाला रोज सुनावणी घ्यावी लागली. वीस हजार लिटरची प्राणवायूची टाकी त्यानंतर बसली. ती टाकी आधी का बसली नव्हती? ती बसवायची नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. दुसऱ्या गोष्टी तिच्या आधी येत राहिल्या, आणि कुठल्या गोष्टी का आधी आल्या याची नोंद कुठंच नाही. ज्या निर्णयावर कोणाची सही नसते, त्याने गेलेल्या जीवांची जबाबदारीही कोणावर येत नाही. म्हणून मला सही हवी आहे. शेतमजुरांच्या खटल्याचा निकाल देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयानेच १९९८ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात हेही मान्य केलं की कोणत्याही सरकारची तिजोरी अमर्याद नसते आणि आरोग्यखर्चाला वाजवी मर्यादा घालता येते. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. तातडीला नाही म्हणता येत नाही, आणि बाकी सगळ्याला हो म्हणता येत नाही.

नकार कुठे द्यावा, हे न सांगता सुटका करून घेणं मला पटत नाही, म्हणून सांगतो. पहिला, जी औषधं आयुष्य काही आठवड्यांनीच वाढवतात आणि त्या आठवड्यांत माणसाला रुग्णालयातच खिळवून ठेवतात, ती सरकारी पैशातून देऊ नयेत. दुसरं अधिक अवघड आहे. २०११ मध्येच गोव्यात साठीवरची माणसं ११.२ टक्के होती, केरळच्या पाठोपाठ. आज कितीतरी घरांत म्हातारे आईबाप आहेत आणि मुलं आखातात, बोटीवर, लंडनला. शेवट जवळ आला की मुलगा येईपर्यंत आईला अतिदक्षता विभागात यंत्रावर ठेवलं जातं. मुलाची तळमळ खरी आहे, तिच्याबद्दल मला दुसरं काही म्हणायचं नाही. पण त्या खाटेची वाट पाहणारा चाळिशीतला अपघाताचा रुग्ण खाली असतो, आणि आईलाही ते सुख नसतं. घरी येऊन मॉर्फिन देणारी, जखमा धुणारी, रात्री फोन उचलणारी उपशामक सेवा प्रत्येक तालुक्यात उभी केली, तर अशा बऱ्याच घरांचा निर्णय वेगळा होईल. ती सेवा आधी हवी. ती नसताना खाट नाकारणं क्रूर ठरेल, आणि क्रम म्हणतात तो हाच.

असा क्रम लावणारं मंडळ कोणाचं असावं? बांबोळीतले तज्ज्ञ त्यात हवेतच, पण त्यांच्याइतक्याच संख्येने आरोग्य केंद्रांतले डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णांची माणसं हवीत, कारण तज्ज्ञाला रोज रुग्णालयात पोचलेलेच दिसतात. मानसिक आरोग्यात गोव्याने हे दाखवून दिलेलं आहे. इथल्या संगाथ संस्थेने नैराश्यासाठी गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवून आरोग्य केंद्रांत बसवलं, आणि त्याचा अभ्यास २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांत त्याचा गुण दिसला. जग त्यातून शिकलं. अशा समुपदेशकाचा पगार आणि एका महागड्या यंत्राची किंमत एकाच कागदावर समोरासमोर ठेवणारं मंडळ हवं, आणि त्याच्या बैठका बाराही तालुक्यांत, लोकांसमोर, मराठी-कोंकणीतून व्हाव्यात. नकार मिळालेल्याला तो लेखी मिळावा आणि त्यावर अपील करता यावं.

हे मंडळ उद्या होणार नाही. पण पर्वरीला पुढचं अधिवेशन भरेल तेव्हा एक तारांकित प्रश्न विचारायला कोणत्याही आमदाराला कायदा करावा लागत नाही: गोमेकॉत आणि दोन्ही जिल्हा रुग्णालयांत गुडघ्याच्या, मोतीबिंदूच्या, हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आज किती जण थांबले आहेत, सगळ्यांत जुनं नाव कोणत्या तारखेचं आहे, आणि गेल्या वर्षात किती नावं त्या क्रमाबाहेर वर सरकली, कोणाच्या सांगण्यावरून. उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवायचं, तालुकावार.